पावसाआधी खणलेली जागा

मला उभं केलं ते नानांनी, आणि त्यांच्या बायकोने, अक्कांनी. काय झालं होतं ते मग सांगते. आधी माणसाचं नाव घ्यावं, गोष्ट कुठे पळून जात नाही, असं नानाच म्हणायचे. धुळ्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्यांना सगळे ‘खड्डेवाले नाना’ म्हणत. काही तोंडावर, बरेचसे पाठीमागे. तोंडावर म्हणणाऱ्यांवर नाना जास्त खूश असत.

ते दफनभूमी सांभाळायचे. दर वर्षी मे महिन्यात, ऊन डोक्यावर आग ओकत असताना, ते एक कबर खणून ठेवत. कोणी गेलेलं नसे. कोणी आजारीही नसे. खान्देशातली काळी माती ज्यांनी हाताळली आहे त्यांना कारण सांगायला नको. उन्हाळ्यात ती दगड होते आणि पावसाळ्यात खीर. आषाढात खणायला घेतलं तर एका बाजूने काढावी आणि दुसऱ्या बाजूने आत घसरावी. म्हणून नाना आधीच पहार घेऊन उतरत, जागा करत, भोवती मातीचा बांध घालत, वर पत्रे टाकून त्यावर धोंडे ठेवत. कबर हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. ते म्हणत, “जागा.”

त्या दिवसांत नानांच्या नजरेस पडायला लोक घाबरायचे. म्हाताऱ्या बायका त्यांच्यासमोर खोकला दाबून धरत. एक निवृत्त मास्तर तर म्हणे नाना समोरून आले की रस्ता बदलायचे. एकदा ते चर्चच्या दारातच सापडले. “काय नाना, यंदा कोणाचं माप घेतलं?” त्यांनी उसनं हसत विचारलं. नाना म्हणाले, “माप सगळास्नं एकच शे, मास्तर. तुम्हले जरा पोट आत घेनं पडी.” सगळे हसले. मास्तरही हसले, पण त्या दिवशी उपासनेत ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. निघताना नाना ज्याला त्याला विचारत, “जागा तयार शे. तू तयार शे का?” लोक घाईने पायऱ्या उतरत.

आता माझं. मी पिंपळनेरच्या पुढची, गुजरातच्या अंगाला जो डोंगर लागतो तिकडची. माझी आई भर पावसाळ्यात गेली. गावाने खड्डा खणला आणि खणता खणता तो भरला. पेटी खाली सोडली तर ती तरंगायला लागली. मग माणसांनी बांबूंनी ती दाबून धरली आणि वर दगड टाकले. दगड लाकडावर आपटल्याचा तो आवाज मी ऐकला. पुढे शाळेच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मी दप्तर टाकून पळत सुटायचे. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. वडील ऊसतोडीला जात, त्यांना मला सांभाळता येईना. मावशीची अक्कांशी ओळख होती. तिने मला एसटीत बसवलं आणि धुळ्याला दफनभूमीच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत आणून सोडलं. पाण्याला भिणाऱ्या पोरीला नेमकं तिथे! मावशी गेली तसं मला वाटलं, मला इथे पुरायलाच आणलंय.

मी जेवेना. अक्का शेवेची भाजी करायच्या, भाकरी चुरून पुढे ठेवायच्या. मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. चार दिवस असे गेल्यावर नाना म्हणाले, “पोरी, आठे ये. एक वस्तू दाखाडस.” त्यांनी मला त्या वर्षीच्या जागेजवळ नेलं, पत्रा सरकवला आणि आत डोकवायला लावलं. मी डोळे मिटून घेतले. धप्प आवाज आला म्हणून उघडले, तर नाना खाली उतरलेले. टोपी काढून छातीवर ठेवली आणि सरळ आडवे झाले. सकाळची वेळ होती, वर निंबाच्या झाडावर पोपट ओरडत होते, आणि हा माणूस कबरीत पाय लांब करून निजलेला.

“देख,” ते खालून म्हणाले, “बठ्ठं कोरडं शे. थंड लागस, एवढंच. आसं गार तर आपल्या घरमा बी नही.” त्यांच्या अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं.

मागून अक्का ओरडत आल्या. “अहो, पोरीला भेवडावता काय! निघा बाहेर! आणि धोतर कोण धुणार?”

मला हसू आलं. आई गेल्यानंतरचं पहिलं. त्या दिवशी मी भाकरी खाल्ली.

भीती मात्र पूर्ण गेली नाही. तिने जागा बदलली. दर रविवारी मी बाकावर बसून माणसं बघायचे. गाणं सगळे गात असायचे आणि मी मनात म्हणायचे, यातलं कोण? ही पुढे बसलेली बाई का? तो नवीन लग्न झालेला मुलगा का? पत्र्याखाली जागा वाट बघते आहे आणि कोणाची ते एकालाच माहीत आहे. कधी कधी मला वाटायचं, माझीच. मी ते नानांना सांगितलं तर म्हणाले, “मंग बरं शे ना. आज अक्काले उलट बोलू नको.”

हीच त्यांची तयारी होती. दिवसभर त्यांची जीभ पहारीसारखी चालायची, पण अंधार पडायच्या आत ते ज्याला दुखावलं असेल त्याच्या दाराशी जात. “मन्ही चूक व्हयनी,” एवढंच बोलत आणि चहाला न थांबता परतत. अक्कांशी तर रोजचं होतं. भाजीत मीठ कमी यावरून दुपारी आवाज चढायचा, आणि दिवेलागणीला नाना चुलीपाशी जाऊन उगीच लाकूड सारत बसायचे. अक्का म्हणायच्या, “झालं का? मागा माफी आणि सरका, धूर होतोय.” निजताना नाना चपला दाराशी ठेवत, टोकं बाहेरच्या बाजूला करून. बोलावणं आलं तर अंधारात शोधत बसायला नको म्हणून, असं सांगायचे. अक्का त्या पुन्हा आत वळवून ठेवायच्या.

पावसाळ्यानंतर चर्चमध्ये होणाऱ्या कापणीच्या सणापर्यंत जागा रिकामी राहिली, तर तो दिवस नानांचा. मंडळीतल्या प्रत्येकाने मूठभर माती टाकून ती बुजवायची. पाळकसाहेब प्रार्थना करत, मग जेवण. नाना त्या दिवशी वांग्याचं भरीत मागून मागून खात. असं एकदाच झालेलं मी पाहिलं. बाकीच्या वर्षी कोणीतरी गेलं. मास्तरही एका श्रावणात गेले. पोट आत घ्यावं लागलं नाही, आजाराने ते आधीच ओसरलं होतं. माती देऊन झाल्यावर नाना कितीतरी वेळ तिथेच उकिडवे बसले होते.

मग ते वर्ष आलं. पाऊस लागून थोडेच दिवस झाले होते आणि हायवेवर एक ट्रक उलटला. ड्रायव्हर जागीच गेला. दक्षिणेकडचा, गळ्यात क्रूस, फोन फुटलेला. पोलिसांनी त्याच्या घरच्यांना शोधलं, कोणी मिळालं नाही. शेवटी निरोप आमच्या मंडळीकडे आला. पंचांची बैठक भरली. एक पंच म्हणाले, “आपला सभासद नाही. जागा एकच आहे. सगळा पावसाळा पुढे पडलाय. उद्या आपल्यातलं कोणी गेलं तर?”

नाना दाराशी उभे होते. म्हणाले, “मंग त्याले काय सांगू? दसरा व्हवू दे, नंतर ये?”

त्या अनोळखी माणसाला ती जागा मिळाली. कोरडी. त्याच्या डोक्याशी नानांनी बाभळीचा क्रूस ठोकला. नाव नव्हतंच. त्यावर काही लिहिलं नाही.

त्यानंतर नानांनाच धाप लागायला लागली. दवाखान्यातून डॉक्टरांनी घरी पाठवलं, म्हणजे काय ते अक्का समजल्या. बाहेर झड लागली होती, उघडायचं नाव नव्हतं. मी त्यांच्या उशाशी बसायचे आणि माझं सगळं लक्ष भिंतीपलीकडच्या मातीकडे असायचं. नानांना पाण्यात ठेवतील. बांबूंनी दाबतील. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

एका दुपारी अक्का पाणी भरायला गेल्या तेव्हा नानांनी माझा हात धरला. “पोरी, तुले सांगस. अक्काले सांगू नको. माले भेव वाटस.”

मी म्हटलं, “नाना, तुम्हाला? तुमची तर सगळी तयारी...”

“तयारी म्हणजे भेव जानं नही. चपला दारशी ठेवनं, एवढंच. निंघताना पाय थरथरना तर थरथरना. ज्यानी बलावं शे तो हात धरी.” मग थोडं थांबून, दम घेऊन म्हणाले, “तुन्ही माय पानीमा नही शे. कधीच नव्हती. मी बी नही ऱ्हासू. ध्यानमा ठेव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. चपला दाराशी होत्या. त्या दिवशी अक्कांनी त्या वळवल्या नव्हत्या.

तरुण संघाची मुलं खणायला लागली. कड घसरत होती, तळाला पाणी फुटत होतं. बादल्यांनी उपसलं की पुन्हा भरायचं. शेजारचे मिस्त्रीचाचा, ज्यांच्याशी नानांची रोज भांडणं आणि रोज माफी व्हायची, कोणी न बोलावता हातगाडीवर मुरूम घेऊन आले. “आमच्या कबरस्तानातही हीच माती आहे, बेटा,” ते म्हणाले. “तळाशी मुरूम टाका.” पण पंच घाईला आले होते. ढग परत भरून येत होते. “पुरे आता, सोडा पेटी खाली,” एक जण म्हणाला. मुलांनी दोर उचलले. खाली अजून पाणी चमकत होतं. मला लाकडाचा तो आवाज ऐकू आला. पेटी अजून वरच होती, तरी ऐकू आला.

मी खाली उडी टाकली.

“अरे, बाईमाणूस!” कोणीतरी ओरडलं. वरून अक्कांचा आवाज आला, “राहू द्या तिला.” मी घमेल्याने उपसत राहिले. चाचा मुरूम खाली सोडत होते, मी पायाने दाबत होते. भिंतीतून पाझरणाऱ्या जागी मुलांनी वरून नानांचेच पत्रे दिले, ते मी उभे लावले. हात सोलवटले. पाणी थांबलं. मग मी काय केलं ते आजही धुळ्यात सांगतात म्हणे. मी ओढणी डोक्यावरून घट्ट केली आणि त्या मुरमावर आडवी झाले. पाठ टेकवून. वर आभाळाची एक पट्टी, तिच्या कडेने माणसांचे चेहरे, आणि अक्का.

मी म्हटलं, “बठ्ठं कोरडं शे.”

अक्का तेव्हा रडल्या. तोवर रडल्या नव्हत्या.

आता मी बेंगळुरूला एका वृद्धाश्रमात माणसं सांभाळते. इथली भाषा अजून नीट येत नाही, पण शेवटच्या दिवसांत माणसाला भाषा फारशी लागत नाही. भीती वाटते, असं ते डोळ्यांनी सांगतात. मी हात धरते. खोटं सांगत नाही की भीती जाईल. त्यांच्या चपला दाराशी ठेवते, टोकं बाहेर. बरोबरच्या मुली हसतात. मलाही अजून भीती वाटतेच. बादली नळाखाली भरत असली की मी दुसऱ्या खोलीत जाते. आणि रविवारी इथल्या चर्चमध्येही बाकावर बसून माणसं बघते. यातलं कोण?

परवा अक्कांचा फोन होता. गुडघे दुखतात म्हणाल्या. नानांच्या मागे कोणी मे महिन्यात खणत नाही. पंच म्हणतात, वेळ आली की जेसीबी बोलावू. “आणि गल्लीत पाणी भरलं तर जेसीबी पोहून येईल का?” अक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात नाना बोलले.

नाना, तुम्ही माझ्यासाठी जे केलं ते तुम्हाला परत करता येत नाही, तुम्ही कोरड्यात निजला आहात. पण एका उन्हाळ्यात रजा घेऊन मी येणार आहे. तुमची पहार अक्कांच्या खाटेखाली आहे. त्या अनोळखी ड्रायव्हरच्या शेजारी मोकळी जमीन आहे, तिथे मी एक जागा खणीन, भोवती बांध घालीन, वर पत्रे टाकीन. कोणासाठी, ते मला माहीत नसेल. माझ्यासाठी असली तरी चालेल.