गळक्या स्लॅबखालच्या मॅडम

गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत एक मॅडम राहतात. गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साठून जे खांब तयार होतात, त्यांच्या थरांवरून जुन्या काळी पाऊस किती पडायचा हे त्या शोधतात. त्यामुळे त्यांचं ‘आत्ताच’ आपल्यापेक्षा वेगळं असतं. ‘आत्ताच मोठा दुष्काळ पडून गेला,’ असं त्या म्हणाल्या की मी धास्तावतो. मग कळतं, त्याला काही हजार वर्षं झाली.

मागच्या पावसाळ्यात पार्किंगचा स्लॅब गळू लागला आणि माझ्या गाडीवर पांढरे डाग पडले. वर पाहिलं तर स्लॅबला बारीक पांढऱ्या नळ्या लोंबत होत्या. मी सेक्रेटरींना ते दाखवत होतो, तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी भाजीची पिशवी तिथेच खाली ठेवली.

“अय्या, किती छान वाढतंय!”

“तुमच्या संशोधनाला उपयोगी पडेल का?” मी विचारलं.

“छे हो, हा सिमेंटमधला चुना. पण वाढतोय बघा ना!”

त्यांनी आपली कोरडी जागा मला दिली आणि स्वतःची स्कूटर त्या गळतीखाली लावली. रोज कामावर निघताना हेल्मेट घालून, मान वर करून त्या तिथे उभ्या राहायच्या.

दिवाळीच्या आधी सेक्रेटरींनी माणसं लावून सगळं खरवडून घेतलं, वॉटरप्रूफिंगही केलं. मॅडमना कसं सांगायचं म्हणून आम्ही दोघं जिन्यापाशी चुळबुळत उभे होतो. मॅडम आल्या. गुळगुळीत स्लॅबकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“असू द्या हो,” सेक्रेटरींनाच धीर देत त्या म्हणाल्या, “पुन्हा गळेल.”