कॉमिक्सचं पारायण

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, शेवट तोंडपाठ असूनही बाबा ती जुनी कॉमिक्स पुन्हा पुन्हा का वाचतो? आणि वाचायचंच तर आवडतं पान उघडायचं सोडून दर वेळी पहिल्यापासून का? उत्तर लिहूनच पाठवते, कारण कॉलवर तुम्ही तिघेही एकदम बोलता.

तेव्हा आम्ही प्रवरेच्या काठी, कोल्हारजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. तुमचे आजोबा कारखान्यात केमिस्ट, मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. कामासाठी पुण्याला गेले की आजोबा फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून युरोपातल्या चित्रकथा शोधून आणायचे. मूळ फ्रेंच, छापलेल्या इंग्रजीत. नकाशावहीएवढी मोठी, रंगीत पुस्तकं. कोणत्या तरी दुसऱ्या घरातल्या मुलांनी वाचून वाचून खिळखिळी केलेली.

मला ती आवडायची त्यांच्या नीटसपणामुळे. जहाज काढलं तर त्याचा एकेक दोर जिथे हवा तिथेच बांधलेला. बाजार काढला तर कोपऱ्यातल्या भाजीवालीच्या तराजूचा काटासुद्धा दिसे. एकसारखी काळी रेघ आणि तिच्या आत स्वच्छ रंग. माणसं मात्र त्या नीटनेटक्या जगात धडपडायची, चिडायची, चिखलात पडायची. उजव्या पानाच्या अगदी तळाच्या चौकटीत कोणीतरी दार उघडे, आणि दारापलीकडे काय आहे ते पान उलटल्याशिवाय कळत नसे. तुमच्या बाबाचं बोट त्या कोपऱ्याशी आधीच जाऊन बसलेलं असे.

दुपारी मी चित्रं दाखवत मराठीत वाचायचे आणि माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, शेंगा फोडत ऐकायच्या. मी त्यांना आत्या म्हणत असे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. त्यांची लाडकी गोष्ट एका तरुण वैमानिकाची. त्याचं विमान दुरुस्त करायला त्याची जाडजूड, तोंडाळ मावशी बरोबर असायची.

"ह्या मावशीला लई काम लावत्यात," आत्या म्हणायच्या. "आन् पोरगं नुसतं टोपी घालून हिंडतंय."

पुस्तक कोणतंही असो, आत्यांच्या लेखी ती पोथीच. म्हणून ते जमिनीवर नाही, पाटावर ठेवायचं. आणि पोथी एकदा लावली की अर्ध्यात उठवायची नाही. समाप्ती करायची, साखर-खोबरं वाटायचं, मगच मिटायची.

तुमचा बाबा चौथीत असताना त्याच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन ठरलं. सकाळी नगरला निघायचं होतं. आदल्या दुपारी त्याचं मन रमावं म्हणून मी वैमानिकाचं नवं पुस्तक काढलं. गोष्ट छान रंगली. शेवटच्या पानावर विमान गोठलेल्या तळ्यावर उतरलं, बर्फ फुटला, वैमानिक छातीपर्यंत पाण्यात, मावशी काठावर रिकाम्या हातांनी उभी. खाली छापलेलं होतं, पुढची गोष्ट दुसऱ्या भागात. दुसरा भाग आमच्याकडे नव्हता. फूटपाथवरच्या खरेदीत असं व्हायचंच.

"पुढं?" त्याने विचारलं.

"पुढचा भाग पुण्याहून आणू."

तो म्हणाला, "उद्या मला बेशुद्ध करणार. मी उठलोच नाही तर?"

मी भूल म्हणजे काय ते नीट समजावलं. वर्गात बाईंना मान डोलावतात तशी त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "मी जाणार नाही."

"बरूबर हाय त्याचं," आत्या म्हणाल्या. "पोथी अर्ध्यात टाकून घराभाईर जात्यात व्हय?"

"आत्या, तुम्ही तरी त्याला फूस देऊ नका."

"मग वाच की पुढं."

"पुढचं पानच नाही, काय वाचू?"

"एवढी शिकलीस आन् एक गोष्ट सांगता येईना व्हय? सर तिकडं."

पदरातली टरफलं झटकून त्यांनी मावशीच्या चित्रावर बोट ठेवलं. "हिच्या डोक्याला काय हाय?"

"स्कार्फ."

"फडकं हाय. आन् अंगात?"

"कोट."

"आन् त्याच्या खाली?"

"दिसत नाही."

"म्हंजी आसंल की काही तरी. बाईमानूस थंडीत एका कपड्यावर न्हाई जात."

मग आत्यांच्या गोष्टीतल्या मावशीने सगळं फेडून गाठी मारल्या, पीळ दिला, बर्फावर पालथी पडली आणि ओरडली, "आरं मुडद्या, धर!" वैमानिक बाहेर आला. "आधी त्याला एक थोबाडीत दिली, मग च्या पाजला."

तुमचा बाबा हसून हसून लोळला. आत्यांनी त्याच्या हातावर साखर-खोबरं ठेवलं. "झाली समाप्ती. आता कुटंबी जा."

सकाळी तो नर्सचा हात धरून आत गेला, मागे वळून न बघता. आम्ही बाहेर बाकावर बसलो. आत्यांचे ओठ सारखे हलत राहिले. तो शुद्धीवर आला तेव्हा बोलता येत नव्हतं. त्याने आत्यांकडे पाहून हवेतच एक थोबाडीत मारून दाखवली. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

काही महिन्यांनी आजोबांना दुसरा भाग सापडला. मी तो उघडणार, एवढ्यात आत्यांनी हात धरला. समाप्ती झालेली पोथी मधूनच उघडत नाहीत. पुन्हा वाचायची तर पहिल्यापासून लावायची. तेव्हापासून आमच्या घरात हाच रिवाज पडला.

या वेळी वाचायला बाबाच बसला. पहिला भाग पाठच होता. दुसरा तो चित्रं बघत, शब्द जुळवत वाचू लागला. पहिल्याच पानावर, त्या तळ्याशी, थांबला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"आजी, इथं एक मेंढपाळ आलाय."

"कशापायी?"

"वाचवायला. त्याच्याकडे दोर आहे."

"आन् मावशी? मेली का काय?"

"नाही. उभी आहे."

"मग त्याला म्हनावं, आपली मेंढरं बघ."

मग बाबाचा आवाज आला, अगदी शाळेत धडा वाचावा तसा: "मावशी मेंढपाळाला म्हणाली, तू तुझी मेंढरं बघ. आणि तिने डोक्याचं फडकं सोडलं."

पानावर तसं काही नसणार, हे मला न बघताही कळलं. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याला पुढे वाचू दिलं.