व्याह्यांच्या आडनावाच्या झेरॉक्स

माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती मुलीच्या साक्षगंधाच्या चार-सहा दिवस आधी. होणारे व्याही ढाणकीहून सकाळीच घाटंजीला आले आणि घरी न जाता थेट माझ्या दुकानात शिरले. तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांनी पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढला आणि काउंटरवर असा ठेवला, जणू सातबाराच माझ्या नावे करून देत आहेत.

तो त्यांच्या आडनावाचा इतिहास होता. त्यांचा कोणी पूर्वज म्हणे पैनगंगेच्या उतारावर, नदी पायी ओलांडायच्या जागी, पहाऱ्याला होता. एका रात्री त्याने एकट्याने दरोडेखोरांना नदीपलीकडे अडवून धरलं आणि त्या पहाऱ्यावरून घराण्याला आडनाव पडलं. हे शोधायला व्याह्यांनी नागपूर झालं, हैदराबाद झालं, कुठे कुठे चकरा मारल्या होत्या.

"इवाई, साक्षगंधात पाहुण्यायले वाटू म्हटलं. काढून ठेवा शंभरेक."

आता मुलीच्या बापाने काय म्हणायचं? काढल्या. मशीनमधला टोनर संपत आला होता, तो मात्र मी बदलला नाही. शेवटच्या वीस-पंचवीस प्रतींत तो शूर पूर्वज डोळे बारीक करून शोधावा लागत होता.

साक्षगंधात त्यांनी कागद वाटले आणि वर उभं राहून तोंडपाठही म्हणून दाखवले. पाहुण्यांचं लक्ष जेवणाच्या पानांकडे होतं. ऐकत होती फक्त माझी मुलगी. बी. फार्म झालेली पोरगी, जावयाबरोबर ढाणकीत मेडिकल चालवणार होती. माझ्या कुठल्या गोष्टीवर तिने इतके डोळे मोठे केल्याचं मला आठवत नाही.

रात्री घरी आल्यावर ती एका कोऱ्या कागदावर सही गिरवत बसली. नवं आडनाव लावून. कधी सरळ, कधी तिरकं, कधी खाली रेघ मारून.

"बाबा, आपल्या आडनावाचा अर्थ काय हो?"

"गावाचं नाव आहे. पुढे 'कर' लावलं. झालं."

"कोणतं गाव? तिथं कोण होतं आपलं?"

"झरी जामणीकडे आहे कुठेतरी. वडील सांगायचे." ती म्हणाली, "त्यांचं किती भारी आहे ना," आणि पुन्हा सही करायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर लोकांच्या दाखल्यांवरची आडनावं मी काचेवर पालथी घातली, पण स्वतःच्या आडनावाकडे कधी बघितलं नाही. आता ते माझ्या घरातून पुसलं जायला निघालं होतं आणि ते पुसताना पोरगी हरखली होती. मी ठरवलं, लग्नाआधी तिला आपल्याही आडनावाची गोष्ट सांगायची. त्यांच्यापेक्षा वरचढ. तलवार नाही तर निदान एखादी विहीर तरी बांधलेली निघेल आपल्या कोणी.

झरी जामणीकडे, एवढाच पत्ता हातात होता. दुकान बंद ठेवून मोटरसायकल काढली. पांढरकवडा मागे पडल्यावर विचारत विचारत, सागवानातून धूळ खात त्या गावात पोचलो. पाटीवर आमचं आडनाव, फक्त 'कर' नसलेलं. छाती फुगली. पाटीजवळ उभं राहून फोटो काढून घेतला आणि समोरच्या किराणा दुकानात रुबाबात विचारलं, "आमच्या आडनावाची घरं कोणत्या बाजूला?"

दुकानदार माझ्याच वयाचा होता. त्याने आडनाव दोनदा विचारून घेतलं आणि मग बाकावरच्या माणसांना ऐकवलं. सगळे हसले.

"भाऊ, या आडनावाचं इथं कोण सापडन तुमाले?" दुकानदार म्हणाला. "आमी सारे इथलेच. इथल्या मानसाले गावाच्या नावानं कोन हाका मारन? तुमचा कोनीतरी इथून गेला असन. तो जिथं गेला, तिथल्या लोकायनं ठेवलं असन हे नाव."

"कोण गेला होता? कायले गेला?"

"आता गेलेला मानूस, आमाले काय मालूम?"

चहा पाजला त्यांनी. तो मला कडू लागला. नदी अडवणारा राहू द्या, माझा पूर्वज एवढाही नव्हता की गावाने त्याची आठवण ठेवावी. आमचं नाव घाटंजीनेच ठेवलेलं, आणि त्याचा अर्थ एवढाच की हा इथला नाही, तिकडून आलेला आहे.

घरी बायकोला सांगितलं. वाटलं होतं, दोन शब्द बरे बोलेल. ती भाकरी थापता थापता हसायला लागली.

"याच्यासाठी एवढं पेट्रोल जाळलं? माहेर आर्णीचं म्हनून तुमच्या आईनं मले जलमभर आर्णीवाली म्हटलं. माहं नाव तरी घेतलं का कधी? मलेच इचारलं असतं तं सांगतलं असतं, हे असं नाव कसं पडते तं."

"तुझी गोष्ट वेगळी."

"काहून वेगळी?"

मी जेवणात मीठ कमी असल्याचं सांगितलं. मुलीला मात्र काहीच सांगितलं नाही. पाटीजवळचा फोटोही दाखवला नाही. लग्नात व्याह्यांनी माईक हातात घेतला, तेव्हा मी वाढप बघायच्या निमित्ताने मांडवाबाहेर गेलो.

लग्नानंतर मुलीला माहेरी आणायला पहिल्यांदा ढाणकीला गेलो. बैठकीत समोरच तो कागद फ्रेम करून लावलेला. मला त्याच्याच खाली बसवलं. तेवढ्यात विहीणबाईंनी आत तोंड करून हाक दिली, "घाटंजीवाली, चहा आन वं, तुहे बाबा आले!"

"आणला!" आतून माझ्या मुलीचा आवाज आला. पहिल्याच हाकेला. आमच्याकडे तीन हाका मारल्याशिवाय ती कधी जागची हलली नाही.

मोठी सून दिग्रसवाली होती, तिच्या जोडीला ही घाटंजीवाली. मेडिकलात औषध घ्यायला येणाऱ्या बायाही तिला हेच म्हणायच्या. त्या घराण्याचं आडनाव तिच्यासाठी कोणीच वापरत नव्हतं. मी फ्रेमकडे बघून मनातल्या मनात म्हटलं, घ्या, दिवसातून पन्नास वेळा माझ्या गावाचं नाव घ्या. जरा बरं वाटलं. मग ती चहा घेऊन आली, सासूजवळ टेकून बसली, आणि ते बरं वाटणं गेलं.

बसमध्ये मी तिला झरी जामणीची सगळी हकीकत सांगितली. किराणा दुकानातल्या हसण्यासकट. फोटोही दाखवला. ती बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत राहिली.

"म्हणजे त्या गेलेल्या माणसालाही माझ्यासारखीच हाक मारली असेल ना, पहिल्यांदा?"

"असेल."

"आणि त्यानं ओ दिली."

घाटंजीला उतरून घराच्या गल्लीत वळलो, तर शेजारीणबाई दारातच उभ्या होत्या.

"आली का वं ढाणकीवाली?"

"आली, काकू," मुलगी लगेच म्हणाली.

माझ्या हातात तिची बॅग होती, ती मी खाली ठेवली. "ढाणकीवाली नाही," मी म्हटलं, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच. "आमची घाटंजीवाली आली."

शेजारीणबाई खो खो हसल्या. "घाटंजीत कोन घाटंजीवाली असते का जी?"