इलियासभाईची काळी कडी

"पाइप हलत नसंल तर विहीर हलवू की, सिस्टर."

सिरसाळ्याचा इलियासभाई हे म्हणाला तेव्हा तो स्वतःच विहीर होता. त्याच्या गळ्याच्या हाडाखालून एक मऊ नळी शिरेत उतरून हृदयाच्या तोंडाशी गेली होती आणि सकाळपासून रक्ताचा एक थेंब वर येऊ देत नव्हती.

शिवकन्या सिस्टर घामाघूम झाली होती. रक्ताच्या कॅन्सरवर आठवडाभर जहाल औषधं देऊन त्याच्या हाडांतला मगज मारून टाकला होता. आता त्याच्याच, आधी काढून गोठवलेल्या मूळपेशी याच नळीतून आज परत द्यायच्या होत्या. पण रक्त मागे आल्याशिवाय डॉक्टर पिशवी वितळवायला तयार नव्हते. नळीचं टोक शिरेतच आहे, ही खात्री हवी. नाहीतर मानेत सुई घालून दुसरी नळी. रक्त गोठायची ताकद उतरलेल्या माणसाच्या मानेत सुई म्हणजे काय, हे शिवकन्येनं पाहिलं होतं.

तिनं नळीवरची जाळीची पट्टी सरकवली आणि तिचा हात थांबला. नळी मधोमध मुडपून एका काळ्या प्लास्टिकच्या कडीत अडकवलेली होती.

धारूरच्या शेतकऱ्याची पोरगी ती, कडी लगेच ओळखली. सोळा सालच्या दुष्काळात सिरसाळ्याच्या बारा घरांनी एका विहिरीवर सहकारी संस्था काढली, तिथला ठिबकचा मिस्त्री इलियासभाई. पाण्याची पाळी संपली की नळीचं टोक मुडपायचं आणि आठच्या आकड्यासारख्या कडीत अडकवायचं. एक थेंब गळाला तरी आप्पाराव चेअरमन घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा करून बांधावर बसत. तेव्हापासून कडी इलियासभाईच्या खिशात असायचीच. इथं दवाखान्यात तो त्या कडीत मोबाइलच्या चार्जरची वायर अडकवून ठेवायचा. दवाखान्यानं नळीला चिमटा दिला होता, पण त्यावर त्याचा भरवसा नव्हता.

"तीन दिस झाले," त्यानं कबूल केलं. "औषधाच्या टायमाला काढायलो, आज इसरलो. हात धुऊनच लावायलो बरं का."

शिवकन्येनं त्याला इतकं झापलं की मास्क नाकावरून खाली आला. कडी काढली, नळी सरळ केली. सलाइनचं पाणी आत जाऊ लागलं, रक्त मात्र येईना. डॉक्टरांनी दुसऱ्या नळीचं सामान मागवायला फोन उचलला. शिवकन्येनं घाईनं जास्त दाब देणारी छोटी सिरिंज हाती घेतली.

"जोर लावू नगा, फाटंल," इलियासभाई शांतपणे म्हणाला. मग त्यानं समजावलं. विहीर तळाला गेली की मोटारीचा पाइप कडेला चिकटतो. पाणी असतं, ओढलं जात नाही. पाइप जरा हलवायचा. आणि मग ते विहिरीचं वाक्य.

शिवकन्येलाही हेच शिकवलेलं होतं. घाबरून विसरली होती. तिनं त्याला उजवा हात वर करायला लावला. मग दोन्ही. डावीकडं वळा, खोका, वाका, परत खोका. तो पलंगाजवळ उभा राहून हात उंच करून डुलायला लागला, आणि काचेपलीकडं उभ्या खतीजाला वाटलं, नवरा खुशीनं नाचतोय. म्हणजे झालं वाटतं सगळं. तिनंही हात वर केले. पदर सावरत ती व्हरांड्यात डुलू लागली, तिला बघून इलियासभाईला हसू फुटलं, हसताना ठसका लागला, आणि त्या ठसक्यासरशी सिरिंजमध्ये गडद लाल रक्त चढलं.

"धरलं मोटारीनं," तो म्हणाला.

डॉक्टरांनी फोन ठेवला. तासाभरात पिशवी वितळून आली. पेशी आत उतरू लागल्या तसा त्या गोठवताना घातलेल्या औषधाचा, उकडलेल्या कणसांसारखा वास खोलीभर सुटला. शिवकन्या हसतच राहिली. थेंब मोजताना दोनदा चुकली.

तीन आठवड्यांनी रक्ताचे आकडे वर आले, नळी निघाली. निरोपाच्या कागदांवर शिवकन्येनं धुऊन ठेवलेली काळी कडी ठेवली. इलियासभाईनं ती उचलली, उलटसुलट पाहिली, सवयीनं खिशाकडं नेली. मग तिच्या टेबलावरच्या पेनांच्या डब्याला अडकवली, खतीजाच्या हातातली पिशवी आपल्या हाती घेतली आणि दारातून बाहेर पडला.