अंधारात पाहिलेला प्लाझ्मा

माझ्या फजितीचा हा किस्सा ऐकायचा असेल, तर आधी हातातला चहा संपवा. मधेच हसू आलं न् कप सांडला, तर मी जबाबदार नाही!

मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्या लॅबमध्ये प्लाझ्माचं मशीन आहे. बंद भांड्यातली जवळजवळ सगळी हवा उपसायची, उरलेल्या चिमूटभर हवेत रेडिओ लहरींची ताकद सोडायची, की ती हवा चमकू लागते. तोच प्लाझ्मा. त्यात ठेवलेलं बी जास्त चांगलं उगवतं का, हे आम्ही पाहतो. ती चमक पाहताना आजही माझं तोंड उघडंच राहतं. खोटं कशाला बोलू?

पण ही ताकद म्हणजे जावई हो! मानपान जुळला नाही, की दारातूनच परत. तिची समजूत काढतो तो मॅचिंग बॉक्स. आणि किती ताकद आत गेली, किती रुसून माघारी आली, हे सांगतो सेन्सर. सेन्सरच चुकला तर सगळं मुसळ केरात!

त्या मे महिन्यात नागपूरहून एक मॅडम मशीन बघायला येणार होत्या. मशीन त्यांच्याच कार्यालयानं दिलेलं. प्लाझ्मा दिसला तर इथंच राहणार, नाही तर उचलून नागपूरला! माझा जीव टांगणीला. सकाळपासून सेन्सर तपासायला बसलो.

ही तपासणी भांडं जोडून करत नाहीत. केबल डमी लोड नावाच्या डब्याला जोडतात. ही अशी सासुरवाडी, की आलेल्या जावयाला कधी परत पाठवतच नाही. म्हणजे सेन्सरवर परतीचा आकडा शून्यच यायला हवा. डबा तापतो, म्हणून मी तो कूलरच्या तोंडाशी ठेवला. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात थंड जागा दुसरी आहे कुठं?

आणि आलं की हो शून्य! स्वच्छ, निखळ शून्य! हात जोडायचेच बाकी होते. इतक्यात बाहेरून हाक आली, "सर, मॅडम आल्या!"

मॅडमना मानाची खुर्ची दिली, अर्थात कूलरसमोर. सोबत आमचे प्राचार्य होते. आणि जिवतीहून आलेले शेतकरी गणपतभाऊ, कारण भांड्यातलं कापसाचं बी त्यांचं होतं. मी पडदे ओढले, दिवे घालवले, बटण दाबलं, सेन्सर पाहिला.

शून्य!

एरवी मॅचिंग बॉक्स घर्रघर्र करतो. आज तोही गप्प. मी छाती फुगवून म्हणालो, "बघा मॅडम, इतकं अचूक जुळवलंय, की बॉक्सला कामच उरलं नाही!"

मग काचेतून आत पाहिलं. काळाकुट्ट अंधार.

आता सेन्सर म्हणतोय सगळी ताकद पोचली. सेन्सर तपासला मी. मग चूक कुणाची? डोळ्यांची!

"आपण उन्हातून आलोय ना," मी म्हणालो, "डोळे सरावले की दिसेल."

प्राचार्य वाकले. "अं... हो, हो. हलकंसं आहे काहीतरी."

गणपतभाऊंनी टोपी काढून काचेला डोळा लावला. "दिसते ना! निळंनिळं! माह्या बियाभवती फिरून राह्यलं! तुमाले नाई दिसत काय, सर?"

काय सांगू, मलाही दिसायला लागलं! निळसर, तलम, थरथरतं! मी त्याचं रसभरीत वर्णनही केलं. प्राचार्य मान डोलवत होते.

"मला तर काहीच दिसत नाई," मॅडम घाम पुसत म्हणाल्या. "आणि तुमचा कूलर गरम हवा काऊन फेकून राह्यला हो?"

मी कूलरकडे गेलो. डब्याला हात लावला आणि चटकाच बसला. केबल अजून त्याच डब्याला! भांड्यात काडीची ताकद गेली नव्हती. सगळी ताकद लावून मी मॅडमनाच शेकत होतो!

मशीन बंद केलं, केबल भांड्याच्या बाजूला जोडली, पुन्हा बटण दाबलं. शून्य कुठल्या कुठे उडालं. ताकद माघारी यायला लागली. मॅचिंग बॉक्स घर्रघर्र करत जागा झाला, आकडा घसरत गेला, आणि भांडं भक्कन उजळलं! जांभळाच्या रसासारखा प्रकाश, आणि त्यात गणपतभाऊंचं बी शांत पडलेलं. मॅडम तर खुर्ची सोडून काचेला नाक लावून उभ्या होत्या. माझ्या अंगावर काटा आला. एवढी सुंदर गोष्ट आपल्या लॅबमध्ये घडते!

"किती सुंदर आहे हो हे," मॅडम हळूच म्हणाल्या.

गणपतभाऊंनीही डोळे भरून पाहिलं. "चांगलं आहे, सर," ते म्हणाले. "पण मघाचं निळं याच्याहून मस्त होतं बा!"

मॅडम प्राचार्यांकडे वळल्या. "मशीन इथंच राहू द्या." मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो, तोच त्या पुढं म्हणाल्या, "नागपूरला सरांना पाठवा. आमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर चांगले आहेत."