घोडी गाभण नव्हती

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे.

आज सकाळी आणे गावाजवळ एका मालकाच्या घोड्यांच्या लिलावाला गेलो होतो. पांढरी घोडी पुढे आणून मालक म्हणाले, "ही गाभण आहे." लगेच बोली चढली.

तिला इतकी वर्षं सांभाळणारे शंकरमामा लगाम धरून उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "न्हाई शेट, गेल्या म्हैन्यात गाभडली ती. आता पोटात काय न्हाई."

"उद्यापासून कामावर येऊ नकोस," मालक सगळ्यांदेखत म्हणाले.

घोडी कुणीच घेतली नाही. फसता फसता वाचलेले आम्ही सगळे गाड्यांत बसून निघालो. मामांच्या बाजूने एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही, आणि त्याचाच जास्त राग येतोय.

जुन्नर-आंबेगावात कुणी मामांना कामावर ठेवेल का? सांगा, मी स्वतः त्यांना घेऊन येतो.