काकांचा टेप

बनी पार्कातल्या आमच्या गल्लीत समोरचे काका खिशात मोजायचा टेप घेऊनच फिरतात. सगळी नोकरी रेल्वेच्या रुळांवर झाली, त्यामुळे कुणी 'अंदाजे' म्हटलं की त्यांचं तोंड कडू होतं. "मतलब, किती ते सांगा ना!" म्हणत माझ्या नव्या फ्रिजसाठी त्यांनी माझंच दार तीनदा मोजलं होतं.

कोपऱ्यावरच्या बंगल्याचं हॉटेल होणार आणि त्याच्या गाड्या आमच्या गल्लीतून जाणार, असं कळल्यावर आम्ही सगळ्यांनी महापालिकेत हरकत घेतली. गल्ली अरुंद आहे, असं अर्जात लिहिलं. सुनावणीत साहेबांनी विचारलं, "कितनी चौड़ी है?"

काका उठले. "कागज पर तीस फुट, साहब. मौके पर बाईस. बाकी हमारे रैंप खा गए."

आम्ही कपाळाला हात लावला; फाटकांपुढचे ते सिमेंटचे उतार आम्हीच रस्त्यावर बांधले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतःच्या फाटकापुढचा रॅम्प घण घालून फोडला. आता त्यांची स्कूटर दोघांनी उचलल्याशिवाय आत जात नाही. रोज संध्याकाळी ते हाक मारतात, आणि मी माझ्या रॅम्पवरून उतरून मदतीला जातो. तो मात्र त्यांनी अजून मोजलेला नाही.